भर उन्हाची रीळ

आधी ते मोबाईल खाली ठेवा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे खिदळलात तर मी उठून जाईन. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या साडूच्या घरची आहे.

साडू डिसेंबरात माझ्या फोटोच्या दुकानात आला. आठ एमएमचा जुना कॅमेरा होता त्याच्याकडे, त्याची फिल्म हवी होती.

"रात्री रस्त्यावर शूट करायचंय. कुठली घेऊ?"

"रात्री, बाहेर? मग पाचशेचीच घे. आकडा मोठा, तितका उजेड कमी लागतो. ही पन्नासची भर उन्हाची. रात्री घातलीस तर पैसे पाण्यात, नुसता काळोख येईल."

त्यानं दोन्ही घेतल्या. पन्नासची म्हणे पोरीचे खेळ काढायला.

"अरे, मग रात्रीचं मोबाईलवर काढ की!"

त्याचा चेहरा उतरला. त्याचे वडील, अण्णा, रोज रात्री फाट्यापर्यंत चालत जायचे. म्हणायचे, "दादा येतो सोबतीला." दादा म्हणजे साडूचा थोरला भाऊ. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात, भर दुपारी, त्याच फाट्यावर ट्रकखाली गेला. डांबर इतकं वितळलेलं, की त्याच्या चपला रस्त्यालाच चिकटून राहिल्या. आणि आता अण्णा म्हणायला लागले होते, "बोलावतोय तो मला. जाईन एक दिवस."

साडूचं एकच म्हणणं, भाऊ गेला, आता बाप जायला नको. अण्णांनी स्वतःला एकटं चालताना पाहिलं तर खूळ जाईल, एवढीच त्याची आशा. पण अण्णांनी जन्मभर थेटरात प्रोजेक्टर चालवलेला. मोबाईलवर काडीचा विश्वास नाही. "फिल्म खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बारा डिसेंबर, शुक्रवार. रात्री अकरा वाजून दहा मिनिटं. अण्णा पुढे, साडू वीस पावलं मागे, कॅमेरा डोळ्याला. रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नाही. फक्त अण्णांचा उजवा हात... जरा बाजूला धरलेला. हलत नव्हता. ते हळू आवाजात बोलत होते. मधेच थांबायचे... ऐकल्यासारखे. मग हसायचे.

साडूला थंडीत घाम फुटला. तरी रीळ संपेपर्यंत त्यानं बटण सोडलं नाही.

घरी येऊन बघतो तर पाचशेचा डबा तसाच, न फोडलेला! अंधारात, घाईत, पन्नासची घातली गेली होती. तरी बिचाऱ्यानं धुवायला पाठवली. म्हणाला, "निदान दिव्याखाली तरी दिसतील अण्णा."

नऊ जानेवारीला ती रीळ धुऊन आली. मीही साडूकडे गेलो होतो. अंगावर दोन स्वेटर, तरी दात वाजत होते. अण्णांनी स्वतःच प्रोजेक्टर लावला. भिंतीवर काळोख. दिवे नाहीत, रस्ता नाही, अण्णा नाहीत. "सांगितलं नव्हतं?" असं मी म्हणणार, तोच...

दादा.

लख्ख उन्हात. पाठमोरा. अनवाणी. चटके बसल्यासारखी पावलं उचलत होता. डावा हात बाजूला... मूठ वळलेली. कुणाचा तरी हात धरलेली.

प्रोजेक्टरचा आवाज तेवढा.

"बघितलंस?" अण्णा म्हणाले. "अनवाणी चालतंय रे माझं पोर."

त्या रात्री साडूनं दाराला आतून कुलूप घातलं. किल्ली खिशात. आम्ही दोघं अण्णांच्या खाटेशी बसून राहिलो. डोळ्याला डोळा नाही. साडूनं त्यांचा उजवा हात घट्ट धरला होता. अण्णा उठले नाहीत. गळ्याशपथ सांगतो, कूससुद्धा बदलली नाही.

पहाटे चारला... तो हात गार लागला.

साडू लहान मुलासारखा रडला. "मी सोडला नव्हता हो! मी हात सोडला नव्हता!" अण्णांच्या पायांवरचं पांघरूण सरकलं होतं, ते नीट करायला वाकलो.

तळवे काळे.

बोट लावून बघितलं.

डांबर होतं. ओलं... चिकट... आणि गरम.