हेमचंद्रशेठ गाडीखाली

शेठच्या पांढऱ्या सफारी सूटवर काळं ऑइल ओतावं, असं दत्तूचं म्हणणं पडलं. कुशाबाला त्याच्या मोटारीच्या चारही टायरांची हवा सोडणं जास्त पसंत होतं.

“सफारी धुऊन निघेल आणि हवा पुन्हा भरता येईल,” शेवंता म्हणाली. “त्याने बाबांचं नाव घालवलं. आपण त्याचं घालवायचं.”

मे महिन्याच्या सुट्टीत लालबागच्या चाळीच्या गच्चीवर ही सभा भरली होती. शेवंता तेरा वर्षांची, दत्तू तिचा धाकटा भाऊ आणि कुशाबा शेजारच्या खोलीतला. गिरण्यांच्या संपाला सव्वा वर्ष उलटून गेलं होतं. शेवंताचे बाबा, धर्मा, गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी गिरगावात हेमचंद्रशेठच्या गॅरेजात काम धरलं होतं. आता तेही गेलं होतं, आणि ते कसं गेलं हे आठवलं की शेवंताचं डोकं तापायचं.

खोताच्या वाडीतल्या पास्कल अंकलकडे लाल एमजी होती, दोन सीटची जुनी विलायती मोटार. तिच्या मागच्या चाकांचे धक्के खायला तेलाच्या डब्या होत्या, डबीला एकेक दांडा. डब्या गळून कोरड्या पडल्या आणि तशा नव्या कुठे मिळेनात. मग त्या काढून देशी मोटारीचे नळीसारखे उभे शॉकॲब बसवायचं ठरलं. ते धरून ठेवणारे लोखंडी ब्रॅकेट बाबांनी स्वतः घडवले. पहिल्याच फेरीला ठाकूरद्वारच्या खड्ड्यात मागून आवाज झाला, एक ब्रॅकेट तुटला, गाडी वळून विजेच्या खांबावर आदळली आणि पास्कल अंकलचा हात प्लास्टरमध्ये गेला.

त्याच संध्याकाळी शेठ लालबागला आला आणि चाळीच्या गॅलरीत उभा राहून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा बोलला, “गिरणीतल्या माणसाला मोटारीला हात लावू दिला, हीच माझी चूक.” तेव्हापासून एकही गॅरेज बाबांना दारात उभं करेना. ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असत. शेवंताला ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांची हत्यारांची पेटी न्यायच्या निमित्ताने तिघं गॅरेजात गेली. रविवारी एमजी पोचवतो म्हणत शेठ टेलिफोनवर कुणाला तरी आपली हुशारी ऐकवत होता. लाल एमजी दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी होती, नवे ब्रॅकेट लावून. दत्तू खड्ड्यात उतरला आणि पटकन वर आला.

“ताई, बाबांनी निवडलेले शॉकॲब काळे होते ना? मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन आलो होतो तेव्हा नमुना बघितलाय. हे राखाडी आहेत. आणि जाडजूड, लांबट.”

कुशाबाने फळीकडे बोट दाखवलं. तिथे एक खोकं होतं, दोरी न सोडलेलं. वर खडूने लिहिलं होतं, ‘एमजी, धर्मा’. बाबांनी मागवलेला जोड उशिरा आला असणार. तोवर बाबा संपाच्या सभेला गेलेले आणि शेठला गाडी देण्याची घाई. मग फळीवर सापडला तो जोड त्याने ठोकून दिला! खोकं आल्यावरही तो बदलायची तसदी त्याने घेतली नव्हती.

घरी आल्यावर शेवंताने बाबांना आडून विचारलं, चुकीच्या मापाचा शॉकॲब मुळात बसेल कसा? बाबा कितीतरी दिवसांनी कुशीवर वळले.

“जॅकवर चाक लटकता तेव्हा कायय बसता गो. भार टाकून बघूक व्हया.”

मग ते समजावत गेले. गिरणीत फिटर यंत्र दुरुस्त करतो, तेव्हा भार घालून आधी हाताने फिरवून बघतो आणि मगच पट्टा चढवतो. नमुन्याचा शॉकॲब लावून त्यांनी एमजीवरही वाळूच्या गोणी टाकून बघितल्या होत्या. मिटल्यावरही लांब राहणारा शॉकॲब असला, तर माणसं बसताच तो ब्रॅकेटवर घणासारखा आदळतो. हे शेठला जाऊन सांगा, असं शेवंता म्हणाली, तर ते पुन्हा भिंतीकडे वळले. आपलं कोण ऐकणार, एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी शेठ गाडी घेऊन खोताच्या वाडीत आला. प्रार्थनेहून परतलेली माणसं भोवती जमली. शेठ बोनेटवर हात ठेवून सांगत होता की आता काम जाणकाराचं आहे. दत्तू-कुशाबाला घेऊन आधीच येऊन थांबलेली शेवंता गोड आवाजात पास्कल अंकलना म्हणाली, “अंकल, इंजिन बंद ठेवून आम्ही मागे बसू का? फक्त बसू.”

अंकल हसून हो म्हणाले. तिने शीळ घातली आणि आधीच ठरवून ठेवलेली वाडीतली चार पोरं धावत आली. सातही जण मागच्या बाजूवर चढून बसले. गाडी खाली बसली. शेवंताने एक, दोन, तीन म्हटलं आणि सगळ्यांनी एकदम बूड आपटलं.

ठण्ण! लोखंडावर लोखंड! वाडीतल्या खिडक्या उघडल्या. पुन्हा एकदा, ठण्ण!

“हाच आवाज,” पास्कल अंकल म्हणाले. त्यांचं हसू गेलं होतं. “हाच मी ऐकला होता.”

शेवंताने मग सगळं सांगितलं. अंकलनी माणूस पाठवून कोपऱ्यावरच्या शेठच्या गॅरेजातून खोकं मागवलं, दोरी कापली आणि काळा शॉकॲब हातात घेतला. पोरांना तसंच बसून राहायला सांगून ते शेठकडे वळले.

“हेमचंद्र, चाकामागे डोकं घाल. काय दिसतं ते मोठ्याने सांग.”

पांढरी सफारी वाडीच्या धुळीत आडवी झाली. खालून आवाज आला की शॉकॲब पुरता मिटून ब्रॅकेटवर टेकलाय. मोठ्याने, अंकल म्हणाले. शेठने पुन्हा सांगितलं. धर्माचा ब्रॅकेट कशाने तुटला, असं अंकलनी विचारलं.

“माझ्या शॉकॲबने,” शेठ खालूनच म्हणाला.

तो उठला तेव्हा सफारीची पाठ आणि त्याचे गाल सारखेच मळले होते. शेवंताला इतकं बरं वाटलं, की तिने ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. तो अंकलची माफी मागू लागला, तेव्हा ती गाडीवरून उतरून त्याच्यासमोर उभी राहिली.

“इथे नाही. आमच्या चाळीत येऊन बोलला होतात, चाळीत येऊन बोला.”

पास्कल अंकलनी टॅक्सी बोलावली आणि शेठला आधी आत बसवलं. तीन जिने चढताना त्याला धाप लागली, पण कुणी थांबू दिलं नाही. त्याच गॅलरीत, धुळीने भरलेल्या सफारीत, त्याने चूक आपली असल्याचं सगळ्या मजल्यासमोर सांगितलं. लांबच्या खोल्यांना ऐकू आलं नाही अशी टोकाच्या खोलीतल्या कौसल्याकाकूंनी तक्रार केली, म्हणून पुन्हा सांगितलं. अंकलनी गाडीची चावी बाबांच्या हातात ठेवली आणि म्हणाले की ही पोरं नसती, तर पुढच्या खड्ड्यात हात नाही, मान मोडली असती. काकूंनी तिघांच्याही पाठी थोपटल्या.

शेठ जिना उतरू लागला. बाबा दारात उभे होते, ताठ. ते शेवंताला हळूच म्हणाले, “झाला मा आता? सोडून दी तेका.”

“सोडते,” शेवंता म्हणाली. “पण उद्या.”