रशियन बिल्ल्याची फिरकी

“सुमे, डोळे मीट… हात कर पुडं.”

तळहातावर काहीतरी टेकायचं. वजनदार, गारेगार. “हा इराणातल्या बर्फाचा गारवा हाय बरं का. अजून गेला न्हाई!”

अप्पारावांना जाऊन कैक पावसाळे लोटले, पण सुमंगलाच्या कानातला बाबांचा तो आवाज काही गेला नव्हता.

महायुद्धात अप्पाराव इराणात लष्करी ट्रक चालवायचे. थंडीनं कुडकुडणाऱ्या एका रशियन ड्रायव्हरला त्यांनी आपला मफलर दिला. त्यानं छातीवरच्या बिल्ल्याची फिरकी सोडली आणि बिल्ला अप्पारावांच्या हातात ठेवला. लाल झेंडा, पांढरा मिना, भोवती सोनेरी पानं… गावात, चुडाव्यात, ही गोष्ट कुणाला पटत नसे. “अप्पारावाचं इराण म्हंजी पूर्णेच्या पलीकडचं वसमत!” परवा तर सुमंगला शिकवते त्या शाळेच्या ओट्यावर लोक तिच्यादेखत हसले.

म्हणून ती तो बिल्ला परभणीच्या सराफाला दाखवायला निघाली होती. स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीत सुट्ट्या पैशांबरोबर बिल्लाही घरंगळला. आतला हात पैसे सोडून बिल्ल्यावरच थांबला.

“हा… तुमच्याकडं कुठून?” नवा असिस्टंट स्टेशनमास्तर, पंडित, खिडकीतून वाकून बघत होता.

“बाबांचा आहे. खरा आहे. सराफाला दाखवायला चाललेय.”

“मी कुठं खोटा म्हणालो?” तो हसला. “पण सराफाला सोनं कळतं, बाई. हे मला कळतं.”

परभणीची गाडी तिनं तशीच जाऊ दिली. मग प्लॅटफॉर्मच्या बाकावर त्यानं पत्र्याचा डबा उघडला. मखमलीवर रशियन बिल्लेच बिल्ले! हैदराबादच्या जुन्या बाजारातून, रशियात शिकून आलेल्यांच्या घरोघर फिरून जमवलेले. भिंग डोळ्याला लावून त्यानं तिचा बिल्ला उलटसुलट करून बघितला.

“फार चमकायलाय. घासता का याला?”

“खंडेनवमीला… चिंचेनं. युद्धातली वस्तू ना, शस्त्रांबरोबर पुजतो आम्ही. दरसाल.”

“अरे देवा! चिंचेनं जुनेपणाची कळा खाल्ली की सगळी. आता नवी नक्कल कोणती, जुना कोणता, नुसतं बघून कसं सांगू? फिरकी दाखवा. युद्धातल्या फिरकीवर कारखान्याचा ठसा असतो.”

सुमंगलाची बोटं पदराच्या गाठीवर गेली. घासताना काढलेली फिरकी तिथंच होती. पण ठसा नसला तर? तर बाबा खोटे…

“हरवली,” ती म्हणाली.

मग रविवारची दुपार बाकावरच जाऊ लागली. तो मिन्याच्या कडा तपासायचा, पाठीवरचे ओरखडे बघायचा, आणि कपातला चहा निवून जायचा.

“मास्तर, निकाल?”

“एवढ्या घाईनं तुमी पोरांना पास करता का, बाई?”

“माझी पोरं अशी तासन् तास नुसती बघत बसत नाहीत.”

“काय बघतो म्हणता?” तो भिंग खाली घेऊन विचारायचा… आणि तिला दूरचा सिग्नल बघावा लागायचा. हमाल, सरपणवाल्या बाया, सगळे त्यांच्याकडंच बघताहेत असं वाटायचं. बिल्ला देता-घेता बोटं लागायची. गाठ मात्र जड, जास्तच जड. आज सोडू… नको, पुढच्या रविवारी.

एका रविवारी डबा उघडलाच नव्हता. दोरीनं बांधून ठेवला होता.

“काचीगुड्याला बदली झाली. आत्ताच्या गाडीनं निघालोय.” त्यानं बिल्ला तिच्या हातावर ठेवला. “खरा हाय म्हणून सांगितलं, तर तुमी हसाल… मला बघायचंय ते. पण फिरकीशिवाय माझ्यानं तसं म्हणवत न्हाई.”

घंटा झाली. रुळांवर लांबून थरथर आली. गाठ सुटता सुटेना. तिनं दातांनी सोडली.

इवलीशी, काळवंडलेली फिरकी. कुणी कधी घासली नव्हती.

पंडितनं भिंग धरलं. ती उजेडाकडं वळवून पाहिली. मग फिरकी मळसूत्रावर बसली आणि अलगद, न अडखळता शेवटपर्यंत गेली.

“ठसा हाय. आटेही त्याचेच.” त्यानं मान वर केली. “तुमचे बाबा इराणात होते, सुमंगला.”

तिचे डोळे भरून आले. इंजिनानं शीळ घातली. तो उठला, पण पाऊल निघेना.

“ही तर हरवली होती ना?”

“खोटा निघेल म्हणून भ्याले…”

“एवढंच?”

“आणि… निकाल लागला असता, तर रविवारी यायला कारण उरलं नसतं.” तिनं सिग्नलकडं बघितलं नाही. त्याच्याकडं बघितलं. “बिल्ल्यासाठी पहिल्या दिवशी आले होते, पंडित. नंतर तुमच्यासाठीच आले.”