धुतलेलं कांबळं

मेंढी आयुष्यात साबण बघत नाही.

शिलाई मशीनची लाकडी पेटी. तिच्यावर खडूने लिहिलेलं — ‘मालवण ते आंबोली, सांभाळून.’

बाळा नावाचा सहा फुटी माणूस.

घंगाळभर कढत पाणी. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

चहाच्या दुकानात सगळ्यांबरोबर हसलेलं एक हसू… ते अजून घशाखाली उतरलेलं नाही.

यातलं काहीच एकमेकांना ओळखत नव्हतं. मग १९८४ च्या श्रावणात आंबोलीच्या घाटात दरड आली आणि सावंतवाडीहून निघालेली एस.टी. वळणावर उभी राहिली.

*

टपावरची पेटी भिजतेय की काय, म्हणून सुगंधा खाली उतरली. तेवीस वर्षांची. सहा महिन्यांचा शिवणवर्ग चालवायची नेमणूक घेऊन निघालेली. अंगावर नायलॉनची साडी, हातात फुलाफुलांची छत्री. मालवणात जन्म गेलेला; थंडी म्हणजे पौषात पहाटे पायांवर ओढायची चादर, एवढंच तिला ठाऊक. धुक्यातून वारा आला आणि छत्री उलटी झाली. ती सरळ करायला गेली, तर काड्याच हातात आल्या.

“बाई, ती छत्री मेली. सोडा तिका.”

तिने मागे पाहिलं. दरड उपसणाऱ्या टोळीतला एक उंच माणूस, हातात पहार, डोक्यावरून पोटऱ्यांपर्यंत काळं कांबळं. त्याने पहार टेकवली, कांबळं काढलं आणि तिच्या पुढ्यात धरलं.

“पांघरा.”

“न-नको. मी ठी-ठीक आहे.”

“दात वाजतत तुमचे. मशीन चालू आसा की काय?”

तिला हसू आलं… आणि हसता हसता तिने ते घेतलं. केवढं जड! वर पावसाचे थेंब मोत्यांसारखे घरंगळत होते आणि आत मात्र चुलीपाशी बसल्यासारखी ऊब.

“वास येतो याला,” ती नाक मुरडून म्हणाली.

“मेंढराचो. तुमचा नाव काय?”

“सुगंधा.”

टोळीतले सगळे खो खो हसले. तोही. “मग जोडी जमली,” तो म्हणाला आणि लगेच कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला — “म्हणजे… कांबळ्याची आणि तुमची.”

“आणि तुमचं नाव?”

“बाळा.”

“मी तुम्हांला बाळा कसं म्हणू? हातभर उंच आहात माझ्यापेक्षा.”

“आवशीन पाळण्यात नाव ठेवलेला. तिका काय म्हायत, मी इतको वाढतलंय ता? पेटयेवर लिवलेला दिसता, तुमी मालवणच्या ना? मग ही पुस्तकातली भाषा कित्याक?”

“सरकारी नेमणूक आहे,” सुगंधा म्हणाली.

रस्ता मोकळा झाला. तिने कांबळं काढायला घेतलं, तर तो आधीच पहारीकडे वळला होता. “ऱ्हवांदे. सवडीन परत दिया!”

*

बाळाच्या आतेकडे, अक्कांकडे, तिची खोली होती. चार दिवस पाऊस थांबला नाही. चार रात्री ती त्या वासात निजली, आणि चौथ्या रात्री तो तिला… वाईट वाटेनासा झाला. पण उसनी वस्तू तशीच परत करायची? मालवणात तिच्या आईने शेजारणीची वाटीसुद्धा कधी न घासता परत दिली नव्हती.

अक्का शेतावर गेल्या होत्या. सुगंधाने पाणी कढवलं, सोडा घातला, साबण घासला. पाणी चहासारखं तपकिरी झालं. ओतलं. पुन्हा तपकिरी. पुन्हा ओतलं. केवढा हा मळ, बाई! तिसऱ्यांदा पाणी नितळ आलं तेव्हा तिने कमरेवर हात ठेवून स्वतःची पाठ थोपटली. मग दोन दिवस स्वतःच्या खोलीतल्या दोरीवर, शेगडीच्या धगीत. मग कोळशाची इस्त्री. हो, इस्त्रीसुद्धा.

दाजींच्या चहाच्या दुकानासमोर तिने घडी त्याच्या हातात दिली. तो गोणपाट पांघरून आला होता. त्याने घडी उलगडली. बोटांनी चोळली. डोक्यावरून घेतली, तर कडा गुडघ्यांपाशीच थांबली. त्याने ती खाली ओढून पाहिली. सुगंधाला वाटलं — लाजला.

“मऊ झाला,” तो म्हणाला. “पोराच्या गालासारखा.”

“मग?” ती हसली. “कपडा ओळखते मी.”

“कळला,” तो म्हणाला आणि घाटाच्या दिशेने पावसात चालू लागला.

*

“तापान फणफणता तो,” तीन दिवसांनी अक्का चुलीपुढे सांगत होत्या. “कांबळा व्हाळाच्या पाण्यात पडला म्हणता. खळ गेली सगळी. आता आंगावर घेतल्यार चाळणीसारखा गळता.”

“खळ?” सुगंधाचा हात तव्यावर थांबला.

“चिंचोके भाजूचे, कुटूचे, शिजवचे आणि ती खळ कांबळ्याक लावची. ती आसा म्हणान पाणी वरच्यावर पळता. म्हणान तर कांबळा कोण धुयत नाय गो! आणि साबण? साबण लावल्यार कांबळा मेला.”

ते तपकिरी पाणी. तीन घंगाळं. ओतताना आलेली ती ऐट…

अक्का तिच्याकडे बघत होत्या. सुगंधाने तोंड उघडलं.

“भाकरी करपली,” ती म्हणाली.

*

यानंतर जे घडलं ते सुगंधा पुढे कित्येक वर्षं विसरली नाही.

ती सुया आणायला निघाली होती. पाऊस वाढला म्हणून दाजींच्या दुकानात शिरली. दाजी फडक्याने फळी पुसत बोलत होते, “इतक्यो दरडी उपसल्यान आमच्या बाळान, आणि सोताचा कांबळा व्हाळात सांडल्यान! उद्या लेंगो सांडात!”

दुकान हसलं. दाजींनी सुगंधाकडे पाहिलं, काय बाई, खरं की नाही? — अशा नजरेने.

आणि ती हसली.

कोपऱ्यातून खोकला आला. डोक्याला टॉवेल गुंडाळून बाळा बाकावर बसला होता. तोही हसत होता. सगळ्यांपेक्षा जरा जास्तच.

*

वर्गाच्या वहीत, मापांच्या पानामागे:

‘श्री. बाळा यांस, तुमचं कांबळं माझ्या हातून…’

‘तुम्ही खोटं बोललात आणि मी ते…’

‘अकरा मुली येतात. त्यांच्या आयांना कळलं तर…’

तिसरं वाक्य तिने स्वतःच वाचलं आणि पान फाडलं. कांबळ्याची चूक झाली होती, ती ठीक. ती अडाणीपणाची. पण हे… हे अडाणीपणाचं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान भरलेलं होतं. बाळाही कालच्याच कोपऱ्यात. सुगंधा दारातच उभी राहिली. पदराचं टोक बोटांना घट्ट गुंडाळलेलं.

“दाजीनू, कांबळा व्हाळात पडाक नाय.”

बाईंच्या तोंडी मालवणी! सगळी डोकी वळली.

“मी धुतलंय ता. कढत पाण्यात. सोडो घालून. तीन वेळा.” आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. “वर इस्त्री केलंय.”

“इस्त्री?” दाजींच्या हातातली किटली वाकडी झाली. “कांबळ्याक?”

“होय. आणि काल तुमच्याबरोबर हसलंय, ता पण मीच.”

मग जे हसू फुटलं, त्याने कौलं हलली असती. “कपड्याची बाई गो!” कोणीतरी मांडीवर थाप मारली. सुगंधा खाली मान घालून सगळं ऐकून घेत उभी राहिली. बाळा मात्र हसला नाही. तो उठला आणि तिच्या बाजूने बाहेर पडला.

ती मागोमाग धावली. “थांबा ना!”

“कित्याक सांगलात?” तो वळला. त्याला राग आला होता… खरंच राग.

“तुमी कित्याक खोटा बोललात?”

“अकरा पोरी येतत तुमच्याकडे. बाईक कपडो कळना नाय म्हटल्यार येतली कोण?”

“मग माका तरी सांगूचा! मी आपली ऐटीत ‘कपडा ओळखते’ म्हणालंय, आणि तुमी त्याच कांबळ्यात… घाटात… दिवसभर…”

बाळाने टॉवेल काढला, पिळला, पुन्हा डोक्याला गुंडाळला.

“तू तेवा हसत होतंस गो,” तो शेवटी पुटपुटला. “तसा हसणारा माणूस… हिरमुसला करूचा माझ्या जिवावर इला.”

‘तुमी’चं ‘तू’ झालं होतं. दोघांनीही ऐकलं. दोघांनीही पावसाकडे पाहिलं.

*

वर्गाला अकरापैकी सात जणी आल्या. एकीने अगदी साळसूदपणे विचारलं, “बाई, लोकरीक इस्त्री कधी करूची?” सुगंधा कानशिलांपर्यंत तापली आणि तिने उत्तर दिलं, “कधीच नाही. मी केली होती. लिहून घ्या.”

शनिवारी दुपारी ती थांब्यावर उभी होती. काखेत कांबळं, अक्कांकरवी मागवून घेतलेलं.

“खंय न्हेतंस त्येका?” बाळा धापा टाकत आला.

“खळ लावायला. चिंचोके कुटून ठेवायला आईला निरोप दिलाय.”

“खळ सुकाक ऊन नको?”

“इथे नाही. मालवणात आहे. श्रावणात दिवसातून दोनदा तरी पडतं.” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “आखडलेलं काही लांब होणार नाही. गुडघ्यांपर्यंतच येईल. पण… कोरडे राहाल.”

एस.टी. आली. ती चढली, खिडकीपाशी बसली. शेजारची जागा दबली, म्हणून तिने मान वळवली.

“तुम्ही कुठे?”

“कांबळा माझा. एकट्याक कसा सोडू?”

“आई विचारील ना, हा कोण म्हणून!”

“सांग, व्हाळात पडलेलो माणूस.”

पुढच्या बाकावरची बाई वळून खुदकन हसली. म्हणजे ती गोष्ट गाडीतही पोचली होती. सुगंधाला वाटलं, बाकाखाली शिरावं. बाळाने कांबळं उलगडून दोघांच्या गुडघ्यांवर पसरलं. दोघांना पुरेल एवढं ते आता उरलं नव्हतं.

ती जरा… सरकली.

बाळाने त्याआधी समुद्र एकदाच पाहिला होता, १९७९ साली, वेंगुर्ल्याला, आणि तो त्याला अजिबात आवडला नव्हता; तरी तिकीट त्याने मालवणचंच काढलं.