धूर हरवलेली लाल गाडी

"डबा घेतला, पाणी घेतलं, टोपी घेतली," भाग्यश्री बोटांवर मोजत म्हणाली. "आता गाडीची ट्रायल बघायला निघायचं का नुसतंच उभं राहायचं?"

संघप्रियाचं लक्ष नव्हतं. काकांची लाल रेसची गाडी नुकतीच कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक चक्कर मारून गॅरेजसमोर थांबली होती. "धूर कुठंय?" ती पुटपुटली.

मे महिन्याची सुट्टी लागल्यापासून संघप्रियाचा मुक्काम बुद्धभूषणकाकांच्या गॅरेजातच होता. शेजारच्या स्पेअर पार्टवाल्यांची मुलं, अनेकांत आणि त्याची धाकटी बहीण भाग्यश्री, तीही तिथंच पडीक. या गाडीत काकांनी रोटरी इंजिन बसवलं होतं. त्यात वरखाली होणारा पिस्टन नसतो, तिकोनी रोटर गरागरा फिरतो. रोटरच्या टोकांना बारीक पट्ट्या असतात आणि त्या कोरड्या पडल्या की इंजिन संपलंच. म्हणून एक छोटा पंप दोन नळ्यांतून कार्बोरेटरमध्ये थेंब थेंब ऑइल सोडायचा. ते पट्ट्या भिजवायचं आणि पेट्रोलबरोबर जळून जायचं. त्याचाच तो निळसर धूर. या इंजिनाचे भाग कोल्हापुरात मिळणारे नव्हते. काकांनी जुन्या टूथब्रशनं एकेक भाग घासून ते उभं केलं होतं.

ड्रायव्हर कृष्णातदादा खुशीत खाली उतरला. "बघा, धूर बंद! लोक म्हणत हुती, ही गाडी हाय का धूर सोडणारी लुना?"

"दादा, ऑइल जायचं बंद झालं असेल तर?" संघप्रियानं विचारलं.

"मी कशाला हात लावलेला न्हाय. ट्यूनिंग झ्याक झालंय. जावा, खेळा जावा." आणि तो चहाला गेला.

तिघांनी बॉनेट उचललं. पंपाच्या नळ्या काढून गुंडाळून ठेवल्या होत्या. कार्बोरेटरकडची भोकं बोल्ट मारून बंद केलेली.

"जोडूया की परत," अनेकांत म्हणाला.

"कशानं? जोडायचे नट कुठं आहेत?" संघप्रियानं विचारलं. त्यांनी बाकडं धुंडाळलं, फरशी धुंडाळली. नट नव्हते. काका कुरुंदवाडच्या लग्नातून परस्पर ट्रायलच्या मैदानावर उशिरा येणार होते, लग्नाच्या गडबडीत ते फोनवरही सापडणार नव्हते.

"तिथं जाऊन सांगू," भाग्यश्री म्हणाली.

"काका येईपर्यंत गाडी पळालेली असेल. आणि दादा म्हणणार, पोरांनीच उचकटलं." संघप्रिया म्हणाली. काकांचं इंजिन कोरडं फिरताना तिला बघवलं नसतं. तेवढ्यात भिंतीला टेकलेली लुना मोपेड तिला दिसली. "अनेकांत, लुनाला कुठंय असला पंप? तिचं ऑइल आपण पेट्रोलमध्येच मिसळतो ना?"

अनेकांत पळत दुकानात गेला आणि वडिलांना सांगून लुनाच्या ऑइलची बाटली घेऊन आला. काकांनी गाडी पहिल्यांदा चालवली तेव्हा खबरदारी म्हणून पेट्रोलच्या टाकीत थोडं ऑइल घातलं होतं, ते संघप्रियानं पाहिलं होतं. तेवढंच तिनं बेतानं ओतलं. तिघांनी गाडी चांगली गदागदा हलवली आणि झाकण लावलं.

गाडी टेम्पोवर चढवून मैदानावर नेली, तिथं बरीच माणसं जमली होती. कृष्णातदादानं ऐटीत हेल्मेट चढवलं आणि गाडी सोडली. वळणावर पोचेपर्यंत मागं निळ्या धुराची लांबलचक शेपटी! लोक हसायला लागले. दादा तिथूनच परत फिरला आणि बॉनेट उघडून डोकं खाजवू लागला.

"ह्याच्या मायला, नळ्या तर मी सोडवून ठेवल्यात, मग धूर येतोय कुठनं?"

"कुठल्या नळ्या, कृष्णात?"

मागं काका उभे होते, लग्नातला फेटा अजून डोक्यावर. दादाचा चेहरा पडला. त्यानं गुपचूप खिशातून नट काढून काकांच्या हातावर ठेवले.

संघप्रियानं सगळं सांगितलं. काकांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. तिला वाटलं, आता ओरडा बसणार. पण त्यांनी फेटा काढून तिच्या डोक्यावर ठेवला. तो पार नाकापर्यंत खाली आला.

"इंजिन वाचवलंत, पोरांनो. मलाबी लगेच सुचलं नसतं."

"लोक हसत हुती, काका, म्हणून केलं," दादा खाली मान घालून म्हणाला.

"हसू देत की. मला न्हाय लाज वाटत, तुला कशाला?"

दादानं डिकीतून पाना आणला आणि संघप्रियापुढं धरला. "नळ्या तूच बसव, बाई. मी धरतो, तू आवळ."

फेट्याखालून काही दिसत नसतानाही तिनं हात पुढं केला.