न फुटणारी संख्या

"ओ बाई, माझी सायकल सोडा की!"

मी वळून बघितलं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला विद्यापीठाबाहेर सायकलींची ही गर्दी, आणि माझं हँडल एका उंच, केस विस्कटलेल्या मुलाच्या ब्रेकच्या तारेत अडकलेलं.

"बाई कुणाला म्हणतोस? आणि तुझीच चिकटलीये माझ्या सायकलीला!"

"चांगली पारख आहे तिला," तो हसून म्हणाला.

आगाऊ कुठला! नाव रींक, माझ्याच गणित विभागातला. मग रोज कॉफी, रोज भांडण... आणि एक दिवस त्याने हळूच विचारलं, "यिल्डाउ, रविवारी आईचा वाढदिवस आहे. येशील?"

एकदम घरच्यांसमोर? नको रे देवा! पण तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून मी फळ्यावर लिहिलं — ५,६०,५२,३६१.

"हिचे अवयव पाड, येते. कॉम्प्युटर वापरायचा नाही हं!"

मूळ संख्या ओळखायची एक झटपट चाचणी असते. ती मी आधीच घेऊन ठेवली होती. २ घेऊन, ३ घेऊन, ५ घेऊन... दरवेळी पास. ही काही फुटायची नाही, मी निर्धास्त होते.

शुक्रवारी तो पडल्या चेहऱ्याने आला. "हरलो गं. मीही चाचणी घेतली. मूळच आहे." मफलर गुंडाळून तो निघूनही गेला. जिंकले होते मी... मग रडू का येत होतं?

रविवारी पावावर चॉकलेटचा भुगा पसरून बसले आणि, हट्टच म्हणा, त्या संख्येला एकेका मूळ संख्येने सरळ भागत सुटले. इतकं बाळबोध काम आमच्यात कुणी करत नाही! चहा गार झाला. १९७, १९९, २११...

बाकी शून्य!

२११, ४२१, ६३१. तीन तुकडे! त्या चाचणीला फसवणाऱ्या अशा काही लबाड संख्या असतात, हे पहिल्या वर्षीच शिकवलेलं. दोघंही दीडशहाणे, दोघंही विसरलो.

गप्प बसले असते तर जिंकलेलीच राहिले असते. पण मला जिंकायचं नव्हतं, मला रींक हवा होता.

समोरून वारा, डोळ्यांत पाणी, तशीच सायकल हाणत त्याच्या घरी पोचले. दिवाणखान्यात गोल मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येक पाहुण्याच्या मांडीवर केकची बशी, आणि कॉफीची किटली घेऊन उभा असलेला रींक.

"दोनशे अकरा!" मी धापा टाकत म्हटलं.

"म्हणजे... फुटली?"

"तीन तुकडे. हरले मी."

"हरलीस आणि एवढी खूश?" त्याचे कान लाल झाले होते.

"हो! आवडतोस तू मला. झालं समाधान?"

मग कोपऱ्यातल्या त्याच्या आत्या उठल्या. आमच्याकडे वाढदिवसाला उत्सवमूर्तीबरोबर घरच्या प्रत्येकाचंही अभिनंदन करतात. त्यांनी माझा हात घट्ट धरून गदागदा हलवला.

"अभिनंदन हो, सासूबाईंच्या वाढदिवसाचं!"

'अहो, तसं काही नाही,' असं म्हणायला मी तोंड उघडलं. रींककडे बघितलं. तो श्वास रोखून उभा होता.

"आभारी आहे, आत्या," मी म्हटलं.