कोपऱ्यातला खुंटा

केदारखेड्यात जुने गोठे पाडून लोक पत्र्याची शेडं उभी करत होते. तातेरावांनी मात्र आपला गोठा राखला होता. बैल विकून बरीच वर्षं झाली, तरी दर उन्हाळ्यात ते सागवानी खांबांना तेल लावत, भिंती सारवून घेत. म्हातारा रिकाम्या गोठ्याला जावयासारखा जपतो, असं गाव म्हणे. शाळेची मुलं गोठा बघायला येत. गव्हाण कशी भरतात, दावं कसं वळतात, हे तातेराव त्यांना हाताला धरून शिकवत.

त्या दुपारी मुलं येणार होती. मागच्या खेपेला कोपऱ्यातल्या खुंट्याला अडखळून एक पोरगी पडली होती, म्हणून तातेरावांनी पहार घेतली.

"अहो, तेवढा राहू द्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "मामंजींनी तिथं कधी बैल बांधला न्हाई. पण वैरण रोज टाकायचे."

"मंग कोण उपाशी बसून राह्यलंय तिथं?" तातेराव हसले.

खुंटा निघाला. खालची माती उबदार होती, नुकत्याच उठलेल्या जनावराच्या जागेसारखी. त्यांनी खड्डा बुजवला.

मुलं आली, गलका झाला. तातेरावांची नात मोनाली तेवढी कोपऱ्यात कडबा पुढं धरून उभी होती.

"तिथं कुणी न्हाई, बाई."

"हाये की, आबा. ओढून राह्यलंय."

कडबा तिच्या मुठीतून हळूहळू सरकत होता. खाली काहीच पडत नव्हतं.

तातेरावांनी मुलांना लगेच परत पाठवलं. गोठ्यात ताज्या शेणाचा वास भरला होता.

दिवस कलताना मोनालीनं भाकरी बाजूला सारली. ओसरीवर बसून ती ज्वारीचं वाळलं धाट चावत होती, मान झटकून माशा उडवत होती.

माशा नव्हत्या.

तातेराव गोठ्याकडं धावले. खुंटा होता तिथंच पुन्हा ठोकला, त्याला जुनं दावं बांधलं. द्वारकाबाईंनी वैरण टाकली. माती गार पडली. वास गेला.

दारात मोनाली उभी होती. "आबा, भूक लागली."

तातेरावांनी तिला उराशी धरलं. दाव्याचा फासा मागं जमिनीवर रिकामाच पडला होता.

"चल, भाकर खाऊ."

गोठ्याच्या उंबऱ्यावर तिचा हात त्यांच्या हातातून सुटला. तिची मान मागं ओढली गेली होती.

"आबा," ती शहाण्यासारखं म्हणाली, "दावं जरा मोठं बांधा ना."