पुसलेला निळा

परदेशात शिकताना वाटायचं, परत गेले की पाण्याचा अभ्यास करणाऱ्या माणसांत बसेन. मिळाली ती पुसणाऱ्यांची टोळी. आमचं कार्यालय उपग्रहाच्या चित्रांवरून दर हंगामात तळ्या-ओढ्यांचा नकाशा काढतं. पाणी दिसेल तिथे संगणक निळा रंग भरतो, आणि साहेबांना नको असेल तिथला निळा आम्ही पुसतो. न बघता. याला इथे ‘साफसफाई’ म्हणतात, तेही अभिमानाने.

त्या दिवशी निळा उमटला तो बुजवलेल्या तळ्यावरच्या नव्या वसाहतीत. साहेबांच्या खिडकीतून ती वसाहत दिसते. ते तिकडे पाठ करून बसतात.

“इमारतींची सावली आहे, बाई. दरवर्षी येते. पुसा आणि सही करा, पुढच्या घरांची परवानगी अडलीय.”

“सावली दरवर्षी वाढते का, सर?”

“फार शिकलं की असं होतं,” ते जांभई देत म्हणाले.

जुनी चित्रं शेजारी ठेवून पाहण्याची तसदी आजवर एकानेही घेतली नव्हती. मी घेतली होती. तो डाग म्हणजे जुनं तळंच होतं, बांधाच्या सरळ कडेसकट. चित्रात दर हंगामात काही घरं गिळत पुढे सरकलेलं. यंदा त्याच्या काठावर माझ्या दादाचं घर होतं.

दिवेलागणीला तिथे गेले. बूट दारात काढले. फरशी खडखडीत कोरडी, पण घरात शेवाळाचा वास.

“दादा, पाणी शिरतं का रे कुठून?”

“नळाला येत नाही, शिरणार कुठून?” तो हसला. “बाईसाहेब आता आकाशातून भुतं शोधतात!”

तो आत जाताच वहिनी कुजबुजली, “झोपल्यावर पलंग हलतो गं... होडीसारखा. ह्यांना सांगितलं की चिडतात.”

तेवढ्यात वीज गेली. काळोखात बाहेरून काहीतरी भिंतीवर संथपणे आपटू लागलं. चुळुक... चुळुक... मी खिडकी उघडली. खाली नुसती धूळ. आवाज वरून येत होता, छताच्याही वरून.

“पाइप असेल...” दादा म्हणाला. आता तो हसत नव्हता.

आम्ही तिघं एकाच खोलीत बसून राहिलो.

सकाळी मी ठरवलं. निळा पुसायचा नाही, सही करायची नाही, आणि या दोघांना आत्ताच्या आत्ता इथून न्यायचं. दादाने पिशवी भरायला घेतली.

दारात बूट उचलले. पायरी कोरडी, बूटही कोरडे. सवयीने उपडे केले, तर आतून हिरवट पाणी पडलं... आणि पडतच राहिलं.